गरब्यासाठी मिडी फूट कंट्रोलर घेताय? या चुका टाळा

नवरात्र महिन्यावर आलं की बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर गिटारवाली मुलं नवी मिडी पेडलं घेऊन येतात. मिडी म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना संदेश देण्याची भाषा, आणि हे पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या प्रोसेसरला पायानं हुकूम देणारी बटणांची पट्टी. "दादा, बटण दाबलं तरी पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेला आवाज) बदलत नाही." पेडल क्वचितच बिघडलेलं असतं. घेताना प्रोसेसरच्या मॅन्युअलमधलं मिडीचं पान कुणी उघडलेलं नसतं, एवढंच.

यूएसबीची चूक सगळ्यात महागात पडते. पेडलला यूएसबी, प्रोसेसरलाही यूएसबी, मग एक केबल लावली की झालं, असं वाटतं. पण ही दोन्ही यंत्रं बहुधा कॉम्प्युटरला जोडण्यासाठी केलेली असतात. दोन्हींपैकी एकातही 'यूएसबी होस्ट', म्हणजे कॉम्प्युटरची जागा घेणारी सोय, नसेल, तर दिवे लागतील आणि संदेश मात्र जाणार नाही. मीही एकदा दुकानदाराच्या शब्दावर असं पेडल आणलं आणि पहिल्या रात्री मैदानावर वाकून हातानं पॅच बदलत राहिलो. तेव्हापासून मी गोल, पाच पिनांचं मिडी असलेलंच पेडल घ्यायला सांगतो. पेडलचा 'आउट' प्रोसेसरच्या 'इन'ला जोडा. एक केबल एकाच दिशेनं संदेश नेते.

छोट्या पेडलांवर पाच पिनांऐवजी बारीक स्टीरिओ जॅक असतो. त्यात टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत. दिसायला सारखे, आतल्या तारा उलट. 2018मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, पण जुनी यंत्रं अजून बाजारात फिरतात. केबल घेण्याआधी प्रकार विचारून घ्या.

आता गरब्याचा खरा प्रश्न. इथे तासन् तास सलग वाजवायचं असतं. प्रोग्राम चेंजनं, म्हणजे पॅच बदलायच्या मिडी संदेशानं, पॅच बदलला की प्रोसेसर अख्खा पॅच नव्यानं भरतो. पुष्कळ यंत्रांत त्या क्षणी आवाज तुटतो, डिलेची (प्रतिध्वनीची) शेपटी कापली जाते. ढोल चालूच असतो, त्यामुळे ती फट स्पष्ट ऐकू येते. म्हणून एकाच पॅचमध्ये स्नॅपशॉट किंवा सीन, म्हणजे त्याच पॅचच्या वेगवेगळ्या सेटिंग, करून ठेवा आणि ते सीसी (कंट्रोल चेंज) संदेशानं बदला; त्यात एक क्रमांक आणि एक किंमत जाते. उदाहरणार्थ, लाइन 6 कंपनीच्या एचएक्स स्टॉम्प या प्रोसेसरवर सीसी 69ला 0, 1, 2 या किमती पाठवल्या की तीन स्नॅपशॉट मिळतात. पण त्यासाठी पेडलच्या प्रत्येक बटणाला हवा तो सीसी आणि हवी ती किंमत देता आली पाहिजे. काही स्वस्त पेडलं फक्त प्रोग्राम चेंज पाठवतात. बटणं दहा आहेत की सहा, हा विचार त्यानंतर करा.

पाच नंबरचं बटण दाबलं आणि सहावा पॅच आला, तर घाबरू नका. मिडी 0 ते 127 मोजतं, काही यंत्रं 1 ते 128 दाखवतात. एकाचा फरक पडतो. काहीच होत नसेल तर आधी मिडी चॅनल बघा. सोळा असतात, दोन्हीकडे एकच हवा.

बटणावर पायानं ठोकून (टॅप करून) दिलेला टेम्पो, म्हणजे लयीचा वेग, निम्माच येत असेल, तर ते बटण आळीपाळीनं 127 आणि 0 पाठवतंय आणि प्रोसेसर 0 मोजत नाहीये. दर वेळी 127 जाईल असं लावा. कीबोर्डवरून मिडी क्लॉक, म्हणजे लयीचे आपोआप येणारे ठोके, घेण्याचा मोहही होतो, पण लय ढोलवाल्याच्या हातात असेल तर तो सरकला की क्लॉक मागे राहतं. तिथे पायानं टॅप केलेलंच बरं.

आणखी एक. माताजींसमोर स्टेजवर आम्ही अनवाणी उभे असतो. दुकानात बूट घालून हलकं वाटलेलं बटण तिसऱ्या तासाला अंगठ्याला टोचतं. बूट काढून दाबून बघा.

खरेदीला जाताना स्वतःचा प्रोसेसर आणि केबल घेऊन जा. एका बटणावर तुमच्या प्रोसेसरचा एखादा सीसी लावून दाखवायला सांगा, तोही कॉम्प्युटर न जोडता. काही पेडलांची मांडणी कॉम्प्युटरवरच बदलता येते, आणि मैदानावर रात्री अकरा वाजता लॅपटॉप कोण शोधणार?