थंडीत फुलबाग जपताना या चुका टाळा

खान्देशातल्या थंडीत दुपारी तिशीपर्यंत गेलेला पारा पहाटे दहाच्या खाली येतो. धुळ्यात काही वर्षी तो पाच-सहापर्यंतही उतरतो. कुंडीतल्या झाडांना हा चढउतार सोसायचा असतो आणि त्यात आपण उन्हाळ्याच्या सवयीने रोज तांब्याभर पाणी ओततच राहतो. या दिवसांत माना टाकणारी बरीचशी झाडं गारठ्याने नाही, पाण्यानेच जातात.

आपली काळी माती वरून तडकलेली दिसली तरी आत ओल धरून असते. बोट दोन पेरं आत घालून बघा, ओलसर लागलं तर त्या दिवशी पाणी नको. कुंडीत नुसती काळी माती कधीच भरू नये. निम्म्याला निम्मी वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळलं तरच मुळांना हवा मिळते.

जळगाव, रावेरकडे थंडीच्या रात्री केळीच्या बागेला पाणी देतात, धूर करतात. ते बघून कुंड्यांनाही रात्री पाणी घालणारे पुष्कळ आहेत. शेतातली ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. कुंडी मात्र चहूबाजूंनी गार पडते आणि मुळं रात्रभर थंड चिखलात राहतात. ऊन अंगणात आलं की आठ-नऊच्या सुमारास बुंध्याशी पाणी द्या. गुलाबाची पानं रात्रभर ओली राहिली तर काळे ठिपके ठरलेलेच.

पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम घेऊन फवारा, पण कडुनिंब तेलाची फवारणी झाली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरचं ऊन ओसरल्यावर लगेच उरकावी. छाटणीनंतर फुलायला साधारण दीड महिना लागतो, उशीर केला की बहर तापत्या उन्हात सापडतो.

शेवंती हिरवीगार आहे, पण कळी नाही? आधी फाटकावरचा दिवा बघा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते आणि रात्रभर जळणारा दिवा तीच मोडतो. खत वाढवून काही होत नाही, कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा. आता शेंडेही खुडू नका, कळ्या तिथेच येतात.

मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली की लोक घाबरून युरिया टाकतात. कृपा करून टाकू नका, झाड विश्रांती घेतंय. त्याचं पाणी कमी करा, जानेवारीअखेर छाटा आणि शेणखत तेव्हाच द्या.