वाळवंट बघून जमिनीखालचा गॅस कसा समजून घ्यायचा

आपल्या मराठवाड्यात जिऑलॉजी शिकणाऱ्या पोरांना जिकडं तिकडं बेसाल्टच दिसतो, त्यामुळं गॅसचं रिझर्व्हायर, म्हणजे गॅस धरून ठेवणारा खडक, म्हणलं की डोळ्यासमोर काहीच येत नाही. एकाच वावरातल्या एका बोअरला पाणी लागतं आणि दुसरा कोरडा जातो हे मात्र सगळ्यांना माहितीय. गॅसच्या विहिरीचंही तसंच होतं, फक्त तिथं कारण बऱ्याचदा वाळूच्या थरात असतं.

नेदरलँड्सचं ग्रोनिंगेन हे गॅसक्षेत्र बघा. १९५९ ला सापडलं, गॅस साधारण ३ किलोमीटर खोल, पर्मियन नावाच्या फार जुन्या काळातल्या वाळवंटाच्या वाळूखडकात. खाली त्याच्याही आधीच्या कार्बनिफेरस काळातला कोळसा, गॅस त्यातून आलेला, आणि वर मिठाचं जाड झाकण. ते वाळवंट आता कुणाला बघता येत नाही म्हणून शेल कंपनीचे केन ग्लेनी यांनी ओमान आणि अमिरातीच्या वाळवंटांचा अभ्यास केला.

तुम्ही सुरुवात गूगल अर्थवर करा. ओमानचे डोंगर शोधा, तिथून वाळवंटात उतरणाऱ्या वाद्या, म्हणजे एरवी कोरडे आणि पाऊस झाला तरच वाहणारे नाले, बोटानं धरून पुढं जा, पुढं वाळूच्या टेकड्या लागतील, आणि उम्म अस समीमला खारट सपाट जमीन, तिला सबखा म्हणतात. पर्मियनमध्येही असाच क्रम होता, दक्षिणेला डोंगर आणि वाद्या, मधे टेकड्या, उत्तरेला सबखा आणि वाळवंटी तळं. म्हणजे विहीर या नकाशात कुठं पडते ते आधी ठरवायचं.

मग टेकडीच्या आत बघायचं, नुसता आकार बघून भागत नाही. वाऱ्याच्या दिशेनं उभा चर घ्या, आधी वाळू पाण्यानं भिजवा नाहीतर भिंत ढासळते, आणि गुडघ्यापेक्षा खोल जाऊ नका, एकट्यानं तर नाहीच. आडोशाची बाजू ३२ ते ३४ अंशाला उभी असते, तिथं घसरून आलेल्या वाळूचे तिरपे थर मोकळे, दाणे एकसारखे, गॅस त्यातून पळतो. वाऱ्याच्या बारीक लाटांचे थर मात्र घट्ट, बारीक मोठे दाणे मिसळलेले. त्यामुळं गॅस थराच्या बाजूनं सहज जातो, थर ओलांडून जाताना अडतो. जैसलमेरच्या सम गावाजवळ हे सगळं बघता येतं. तिथपर्यंत जाणं जमत नसेल तर उन्हाळ्यात गंगाखेडजवळ गोदावरीच्या कोरड्या पात्रात नजर तयार करा, ती वाऱ्याची नाही, पाण्याची वाळू आहे हे लक्षात ठेवून, पण तिरपे थर आणि मधेच आलेला चिकणमातीचा पापुद्रा तिथंही दिसतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ दोन टेकड्यांमधल्या सपाट ओल्या जागेला द्यावा. लोक टेकडीचे फोटो काढून परत येतात. पण टेकडीचा माथा वारा घेऊन जातो, दगडात टिकतो तो बहुतेक वेळा तिचा पायथाच, भूजलाची पातळी वर आली की तो वाचतो. आणि त्या ओल्या जागेतली चिकणमाती, मीठ, जिप्सम हेच पुढं गॅसच्या वाटेत आडवे येतात. त्यांची लांबीरुंदी मोजून ठेवा, विहिरीतून काढलेला कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल, जेमतेम हाताच्या पंजाएवढा रुंद असतो, त्यावरून ती कधीच कळणार नाही.

इलाइट या चिकणमातीच्या खनिजाचे केसासारखे धागे, दाणे चिकटवणारं क्वार्ट्झचं सिमेंट, फॉल्ट म्हणजे खडक सरकलेल्या भेगा, या गोष्टी वाळू खोल गाडल्यावर होतात, त्या आजच्या वाळवंटात सापडणार नाहीत, त्यासाठी कोअर मायक्रोस्कोपखालीच बघावा लागतो. शेवटी कोअरवर घसरलेली वाळू, लाटांची वाळू, ओली सपाट जागा, वादी, तळं असं सेंटिमीटर सेंटिमीटरनं लिहित जा, आणि प्रत्येकाची पर्मिअॅबिलिटी (गॅस आरपार जाऊ देण्याची क्षमता) वेगळी धरा, सगळ्याची एकच सरासरी काढू नका.