लिनक्स सर्व्हरवर आयपीव्ही६ : बंद करून मोकळे होताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, थोड्या वेळाने यूपीएसनेही मान टाकली. लाइट आल्यावर मशीन उठलं, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मात्र उठेना. कारखान्यातून अण्णांचा फोन आला, "सर, ऑर्डरचं पान उघडंना झालंय, मुंबईची पार्टी लाइनवर आहे." लॉगमध्ये एरर ९७ : अ‍ॅड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल.

दोष माझाच. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या गडबडीत, 'नेट स्लो आहे' म्हणून आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) बंद करायला मी ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, 'आयपीव्ही६.डिसेबल=१' लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मशीन रीबूटच झालं नव्हतं, म्हणून चार महिने कुणाला पत्ता नाही. डेबियनवर एनजिनएक्सच्या मूळ सेटिंगमध्ये आयपीव्ही६ वरचं पोर्ट ८० ऐकायचीही ओळ असते, आणि ग्रबमधला हा पर्याय दिला की कर्नल (लिनक्सचा गाभा) तसलं सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, उघडूच देत नाही. बंद करायचंच असेल तर सिसकंट्रोलमधलं (कर्नलच्या चालू सेटिंगमधलं) 'डिसेबल_आयपीव्ही६' १ करा. पत्ते जातात, सॉकेट उघडतं, सेवा पडत नाहीत.

पण मुळात बंद का करायचं? लिनक्स कर्नलमध्ये आयपीव्ही६ १९९६ पासून आहे, २.१.८ या आवृत्तीपासून. 'स्लो'चं कारण बहुतेक वेळा आपल्याच फायरवॉलमध्ये निघतं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

माझ्याकडेही तेच निघालं. आयपीव्ही४ च्या सवयीने मी सगळं आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप, पिंगही त्यातलंच) अडवलं होतं. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर मोठं पॅकेट तोडत नाही. 'पॅकेट टू बिग' असा निरोप, म्हणजे आयसीएमपीव्ही६ चा टाइप २, पाठवणाऱ्याला परत धाडतो. तो निरोप सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही तर सर्व्हर त्याच मापाची पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. लक्षण ठरलेलं : लॉगिनचं छोटं पान पटकन उघडतं, टॉवेलच्या डिझाइनचा कॅटलॉग मात्र अर्ध्यावर लटकतो. तपासायला पॅकेट न तोडता १४५२ बाइटचा पिंग मारा. हेडरचे ४८ धरून १५०० होतात. तो गेला नाही आणि १४४४ चा गेला, तर वाटेत कुठेतरी पीपीपीओईची (ब्रॉडबँड जोडणीच्या एका पद्धतीची) १४९२ ची मर्यादा आहे. एरर न येता नुसतीच शांतता असेल तर निरोप कुणीतरी गिळतंय. आयसीएमपीव्ही६ चे टाइप १३३ ते १३७ सुद्धा मोकळे ठेवा. आयपीव्ही४ मध्ये शेजारच्या मशीनचा हार्डवेअर पत्ता शोधणाऱ्या एआरपीचं काम इथे तेच करतात. ते अडवले तर शेजारच्या राउटरचासुद्धा पत्ता लागत नाही आणि नेबरच्या यादीत 'फेल्ड' दिसतं.

दुसरा फटका व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीपीएन बसवताना बसतो. फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पॅकेट पुढे धाडणं) सुरू केलं की कर्नल समजतो, आता हे मशीन स्वतःच राउटर झालं. मग तो राउटरच्या जाहिराती ('मी इथला राउटर' असे निरोप, म्हणजेच आरए) ऐकणं सोडतो आणि त्यांच्यातून मिळालेला डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, काढून टाकतो. पत्ता मात्र काही काळ तसाच दिसत राहतो, आणि तिथेच माणूस फसतो : पत्ता आहे तर नेट का नाही? मी यात अख्खी संध्याकाळ घालवली. उपाय एका आकड्याचा : त्या इंटरफेसचं 'अ‍ॅक्सेप्ट_आरए' १ ऐवजी २ करा.

आयपीटेबल्सचे, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचे, नियम आयपीव्ही६ ला लागू होत नाहीत, त्याला वेगळं आयपी६टेबल्स आहे. एकीकडे कुलूप लावून दुसरीकडचं दार सताड उघडं ठेवलेले सर्व्हर मी पाहिलेत. नव्या मशीनवर एनएफटेबल्समध्ये (आयपीटेबल्सच्या जागी आलेल्या फायरवॉलमध्ये) 'आयनेट' प्रकारचं टेबल करा, दोन्हींसाठी नियम एकदाच लिहावे लागतात.

एफई८० ने सुरू होणाऱ्या (फक्त त्याच नेटवर्कपुरत्या) पत्त्याला पिंग करताना टक्क्याचं चिन्ह देऊन पुढे इंटरफेसचं नाव लिहा. अशा सुरुवातीचा पत्ता प्रत्येक इंटरफेसवर असतो, नुसता दिला तर कुठून जायचं ते ठरत नाही.

आणि डेटाबेस बघा. लॉगिनच्या नोंदीत आयपीचा कॉलम १५ अक्षरांचा असेल तर मोबाइलवरून आयपीव्ही६ ने येणाऱ्या गिऱ्हाइकाची नोंद एकतर कापली जाते, नाहीतर एरर येते. पूर्ण पत्त्याला ३९ अक्षरं लागतात, आयपीव्ही४ पोटात घेतलेल्या लिखाणाला ४५. मी ४५ ठेवलाय.