शरदात उत्तरेच्या मैदानात जाताना हवामानाबाबतच्या या चुका टाळा

दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रातून काशी, अयोध्या, आग्रा, अमृतसर अशा ठिकाणी निघणाऱ्या मंडळींच्या हवामानविषयक चुका सहली नेणाऱ्या माणसाला आपोआप तोंडपाठ होतात, कारण दरवर्षी त्या त्याच असतात आणि निस्तराव्या त्यालाच लागतात. पावसाळ्यात हवामानाचा अंदाज न चुकता वाचणारे लोक ऑक्टोबर उजाडला की तो वाचायचेच सोडून देतात, आणि उत्तरेतील शरद तर नेमका कुणाच्या भरवशाचा नसतो.

सर्वांत मोठी आणि सर्वांत चिवट चूक म्हणजे ‘मान्सून परतला, आता पाऊस संपला’ ही समजूत. मान्सूनने माघार घेतल्याचे हवामान विभाग जाहीर करतो, तेव्हा त्या भागात सलग 5 दिवस पाऊस झालेला नसतो, जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर वारे उलट दिशेने फिरू लागलेले असतात आणि हवेतील बाष्प घटलेले असते. म्हणजे ही घोषणा वाऱ्यांच्या बदलाची असते. पुढे पाऊस येणारच नाही, अशी हमी त्यात कुणी दिलेली नसते. मैदानावर त्यानंतरही दोन बाजूंनी पाऊस येऊ शकतो. इराण-अफगाणिस्तानकडून सरकत येणारे पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस आणणाऱ्या प्रणाली, पंजाब-हरियाणाला आधी गाठतात, तर बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळांचे अवशेष बिहार व पूर्व उत्तर प्रदेशाकडून शिरतात. 2014 साली 12 ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलेल्या ‘हुदहुद’ने दोनच दिवसांनी नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात गिर्यारोहकांचे बळी घेतले, ते याच वाटेने. पश्चिमेचा झंझावात आणि उपसागराचे बाष्प एकाच वेळी एकत्र आले, की काय होते ते 2021 मध्ये दिसले.

त्या वर्षी 8 ऑक्टोबरला दिल्लीतून मान्सून माघारी गेल्याची बातमी आली आणि दसऱ्याच्या जोडून आलेल्या सुट्टीत आमच्याच व्यवसायातील एक उत्साही तरुण ज्येष्ठ नागरिकांचा गट घेऊन मैदानातून नैनितालला चढला. उत्तराखंडसाठी 18 तारखेचा लाल इशारा तोपर्यंत जाहीर झाला होता. मी तेव्हा दिल्लीत दुसऱ्या गटाबरोबर होतो. त्याला फोन करून काठगोदामलाच, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या रेल्वे स्थानकापाशीच, थांबायला सांगितले, तर तो म्हणाला, “काका, मान्सून तर गेला की! शरद आहे हा, दोन सरी पडतील फार तर.” दोन सरींऐवजी झाले ते सर्वांना माहीत आहे. तलाव काठ सोडून मॉल रोडवर आला, दरडींनी तिन्ही बाजूंचे रस्ते बंद केले, वीज आणि फोन गेले आणि जवळच्या मुक्तेश्वरला 24 तासांत 340.8 मिमी पाऊस मोजला गेला. एवढ्यावर न थांबता या गृहस्थाने 19 तारखेला पहाटे चार वाजता गट खाली उतरवण्याचे ठरवले, कारण ‘अठरा तारखेचा इशारा रात्री बारालाच संपला’ असा त्याचा हिशेब होता. हॉटेलच्या रखवालदाराने गाडीसमोर उभे राहून वाट अडवली, म्हणून तो गट वाचला. पुढे रस्ता खुला झाल्यावर खाली येऊन पाहतात तर गौला नदीने काठगोदामजवळचा लोहमार्गच खाऊन टाकला होता. वाटेत डोंगरपायथ्याच्या तराईतले कापणीला आलेले भात पाण्यात आडवे पडले होते, आणि ते शेतकऱ्यांचे नुकसान त्यांच्या चुकलेल्या गाड्यांपेक्षा कितीतरी मोठे होते.

त्या तरुणाची दुसरी चूक तर इतकी सर्रास आहे, की तिच्याबद्दल सविस्तर सांगितलेच पाहिजे. हवामान विभागाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी 8.30 ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 ला संपतो. अठरा तारखेचा इशारा एकोणीस तारखेच्या न्याहारीपर्यंत लागू असतो आणि एकोणीस तारखेच्या नावावर नोंदलेला पाऊस बराचसा आदल्या दिवशीचा असतो. पहाटे निघण्याची हौस असलेल्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द वाचून निर्धास्त होणाऱ्यांची संख्याही कमी नाही. हवामान विभागाच्या परिभाषेत एखाद्या उपविभागातील 25 टक्क्यांपर्यंत पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, 26 ते 50 टक्क्यांसाठी ‘काही ठिकाणी’, आणि त्यापुढे ‘बऱ्याच’ व ‘बहुतांश’ अशी चढण असते. हे माप क्षेत्राचे आहे, पावसाच्या जोराचे नाही. ‘पश्चिम उत्तर प्रदेशात तुरळक ठिकाणी अतिजोरदार पाऊस’ याचा अर्थ थोडक्या जागी 115.6 ते 204.4 मिमी इतका पाऊस पडू शकतो, आणि ती थोडकी जागा तुमच्या मुक्कामाची नाही, हे कोणी सांगितले?

रंगांचेही तसेच. पिवळा लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी तयारीत राहायला आणि लाल कृती करायला. ‘लाल नाही ना, मग निघूया’ म्हणणाऱ्यांना नारिंगी दिसतच नसावा.

दिल्लीचा अंदाज पाहून पाटण्याची बॅग भरू नये. मध्ये हजारएक किलोमीटर आहेत.

मोबाइलवरील ढगाचे किंवा सूर्याचे चित्र हा अंदाज नव्हे, आणि दहा दिवस पुढचे चित्र तर निव्वळ करमणूक. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रकाची तारीख आणि वेळ न पाहता ते पुढे ढकलणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही. विजांसाठी मात्र पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये जरूर असावे.

दिवाळीच्या सुमारास आणखी एक भाबडी आशा असते: ढग आले, आता दिल्लीची हवा धुऊन निघेल. ढग आले तरी वारा पडलेला असेल तर धूर तिथेच साचतो. नुसत्या शिंतोड्यांनी काही साधत नाही. 2023 मध्ये दिवाळीच्या दोन दिवस आधी खरोखर चांगला पाऊस झाला आणि सणाच्या दिवशी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक 218 वर आला, परंतु फटाक्यांनंतर दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा 350 च्या वर गेला. दम्याच्या रुग्णाने पावसाच्या भरवशावर इनहेलर घरी ठेवू नये. त्याचप्रमाणे, पाऊस थांबून आकाश मोकळे झाले, की लोकांना दुसऱ्या दिवशी पहाटे यमुना एक्स्प्रेसवेने ताजमहाल गाठायचा असतो. ओली जमीन, निरभ्र रात्र आणि स्तब्ध वारा एकत्र आले तर पहाटे धुके धरते. नोव्हेंबरात पाऊस उघडल्यानंतरच्या सकाळी मी उन्हे वर आल्याशिवाय गाडी हलवू देत नाही, मग कोणी कितीही कुरकुर करो.

माझी स्वतःची पद्धत फारशी शास्त्रीय नाही. ऑक्टोबर लागला की रोज संध्याकाळी हवामान विभागाच्या संकेतस्थळावर उपग्रहाचे चित्र पाहायचे, डावीकडे अफगाणिस्तानावर ढगांचा पट्टा आहे का आणि उजवीकडे उपसागरात काही शिजते आहे का, एवढेच तपासायचे. एकच दिसले तर छत्र्या बरोबर घ्यायच्या. एकाच आठवड्यात दोन्ही दिसले तर डोंगरपायथ्याचे मुक्काम पुढे ढकलून गट काशीत किंवा आग्र्यात ठेवायचा. पैसे परत मिळत नाहीत म्हणून जे हट्टाने पुढे जातात, त्यांना दरडीमुळे अडकल्यावर भाड्याच्या गाडीचे दर काय होतात, ते कळते.

ऋतूच्या किंवा महिन्याच्या दीर्घकालीन अंदाजावरून तिकिटे काढणाऱ्यांनाही एक सूचना. तो अंदाज शक्यतेच्या भाषेत असतो, तारखेच्या नव्हे. शिवाय दिल्लीची ऑक्टोबरची सरासरीच 15 मिमीच्या आसपास आहे, त्यामुळे एकच जोरदार सर पडली तरी ‘सरासरीच्या कितीतरी अधिक’ अशी बातमी होते आणि उरलेला महिना कोरडाठाक जाऊ शकतो. प्रवासाच्या आधी दर गुरुवारी येणारा, पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज वाचावा, निघण्याच्या आठवड्यात रोजचा अंदाज पाहावा आणि गाडीत बसल्यावर पुढच्या 3 तासांचा तात्कालिक इशारा.