लोभ कसा आवरावा: आधी हात, मग मन

मन शुद्ध झालं की लोभ आपोआप गळून पडेल, या आशेवर मी बरीच वर्षं काढली. सकाळी ध्यानाला बसायचो आणि तासाभरात मोबाइलवर सेल चाळायला लागायचो. आमच्या विहारातल्या एका आजींनी एकदा विचारलं, "बाळा, दुसरं शील रोज म्हणतोस, पण पाळतोस का?" दुसरं शील म्हणजे पंचशीलातलं चोरी न करण्याचं व्रत. मला राग आला. मी काय चोऱ्या करतो? पण वाट त्या प्रश्नातूनच सापडली. धम्मात आधी शील म्हणजे नीट वागणं, मग समाधी म्हणजे मनाची एकाग्रता, मग प्रज्ञा म्हणजे खरी समज, असा क्रम सांगितला जातो. लोभ जन्मतो मनात, पण त्याला पोसतात आपले हात. म्हणून सुरुवात हातांपासून करायची.

लोभ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

हे न ठरवता पुढे गेलात तर उगीच स्वतःला छळत बसाल. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या सगळंच नाकारलं गेलं, त्या घरातल्या मुलीने पदवी, पक्कं घर, चांगला पगार मागणं हा लोभ नाही. कोलिय कुळातला दीघजाणू बुद्धांकडे गेला तेव्हा त्याने सरळच सांगितलं, आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, सोनंनाणं बाळगणारी माणसं. आम्हाला झेपेल असं सांगा. बुद्धांनी त्याला घरदार सोडायला सांगितलं नाही. कष्टाने कमव, कमावलेलं जप, चांगल्यांच्या संगतीत राहा आणि मिळकत पाहून खर्च कर, असं सांगितलं. शेवटच्या गोष्टीसाठी त्यांनी तागडीचा दाखला दिला: धरणाऱ्याला कळतं, पारडं किती खाली गेलं, किती वर आलं.

माझी कसोटी साधी आहे. गरज भागली की हात थांबतो. लोभ मिळाल्यावर वाढतो. नाण्यांचा पाऊस पडला तरी वासनांची तृप्ती होत नाही, असं धम्मपदात म्हटलंय ते याच अर्थाने.

दुसरं शील शब्दशः घ्या

'अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि.' अदिन्न म्हणजे न दिलेलं. कुलूप तोडणं एवढाच त्याचा अर्थ नाही. जे मला कुणी दिलेलं नाही, ते मी घेणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही 'मी चोरी करणार नाही' आहेच. आपण ती इतक्या वेळा म्हटलीय की कानावरून निघून जाते.

एक वही करा. आठवडाभर रोज रात्री लिहा: आज न दिलेलं काय घेतलं? दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे. कचेरीतून घरी आलेले कागद. प्रवासभत्त्याचं फुगवलेलं बिल. घरकामाच्या ताईंच्या पगारातून खाडे मोजून कापलेले पैसे. पहिले दोन दिवस पान कोरं राहील. तिसऱ्या दिवसापासून हात अडखळायला लागतो.

आणि मग जमिनीकडे या. वडील गेल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. कागद नोंदवलेला असतो, कायद्याने सगळं चोख असतं. पण ताईने ते 'दिलं' की माहेर तुटेल या भीतीने सोडलं? अदिन्न हा शब्द मला तिथे सगळ्यात जास्त टोचतो. तुमच्या घरात असं झालं असेल तर ध्यानशिबिराला जाण्याआधी ताईकडे जा. बसून बोला, आणि तिचं तिला द्या.

जुन्या अट्ठकथांत, म्हणजे बुद्धवचनांवरच्या भाष्यांत, चोरीची पाच अंगं सांगितली आहेत: वस्तू दुसऱ्याची असणं, ती दुसऱ्याची आहे हे ठाऊक असणं, चोरण्याचा हेतू, त्यासाठीची खटपट, आणि त्या खटपटीने वस्तू हलवणं. ही यादी न्यायनिवाड्यापेक्षा थांबण्यासाठी जास्त उपयोगी पडते. हेतू मनात आला, हात अजून हलला नाही. तिथेच थांबता येतं.

खरेदी पुढच्या उपोसथापर्यंत लांबवा

अष्टमी, पौर्णिमा, अमावस्या हे उपोसथाचे, म्हणजे शीलं काटेकोर पाळण्याचे दिवस. किराणा, औषधं, शाळेची फी यांना हा नियम नाही. बाकी जे जे हवंसं वाटेल ते वहीत टिपा आणि निर्णय येत्या उपोसथाला घ्या. थांबणं फार तर आठवडाभराचं असतं, पण तेवढ्यात बऱ्याच गोष्टींची ओढ विरून जाते.

त्या दिवशी जमलं तर अष्टशील, म्हणजे त्या दिवसापुरती आठ शीलं घ्या. दुपारनंतर जेवण नाही, नटणं-मुरडणं नाही, करमणूक नाही, उंच गादी नाही. माझी आई पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची आणि संध्याकाळी नुसत्या पाण्यावर असायची. तो उपास आहे, असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, 'नसलं तरी चालतं' हे ती शरीराला शिकवत होती. मधुमेह असेल, औषधं चालू असतील तर जेवणाचा नियम डॉक्टरांना विचारूनच; बाकीची शीलं तरीही पाळता येतात.

द्या, पण पाटीशिवाय

दहा पारमितांत, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांत, पहिली दान. न घेण्याने लोभाचा रस्ता अडतो; देण्याने मूठ उघडते. देण्याआधी मन आनंदी, देताना प्रसन्न, दिल्यावर समाधानी, असं दान बुद्धांनी वाखाणलंय. तिसरं सगळ्यात अवघड. दिल्यावर 'उगाच दिलं' असं वाटलं तर रक्कम कमी करा, पण देणं थांबवू नका. विहाराच्या फरशीवर नाव कोरून घेण्याचा मोह टाळा. रोख देणं जमत नसेल तर शेजारच्या मुलाला गणित शिकवा.

कमाईची वाटणी

सिगाल या तरुण गृहस्थाला बुद्धांनी हिशेब सांगितला: एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून. पगारदाराला हे जसंच्या तसं बसणार नाही, पण उपभोगाला चारातला एक भाग आहे हे लक्षात ठेवा. शून्य नाही, चारही नाहीत. बुद्धांचा श्रीमंत उपासक अनाथपिंडिक याला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक आहे अनणसुख, कर्ज नसल्याचं सुख. मोबाइल हप्त्यावर घेण्याआधी हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहा.

ओढ अनावर झाली तर

सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून बाहेर काढतो, तसा वाईट विचार चांगल्या विचाराने काढावा, असा दाखला आहे. वस्तूचा विचार सुटत नसेल तर त्याच क्षणी कुणाला तरी काहीतरी द्यायचं ठरवा. तेही जमलं नाही तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून चालायला जा.

शील मोडलं तर

मोडेल. माझं मागच्याच महिन्यात एका बिलावर मोडलं. समादियामि म्हणजे 'मी स्वीकारतो', आणि हा स्वीकार दर वेळी नव्याने करायचा असतो. म्हणून तर विहारात पंचशील पुन्हा पुन्हा घेतलं जातं. वहीत तारीख लिहा, काय घेतलं ते लिहा, परत करता येण्याजोगं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परत करा. मग संध्याकाळी हात जोडून दुसरं शील पुन्हा म्हणा, या वेळी सावकाश.