'एक्स्पोनेन्शियल' कधी म्हणावं, कधी टाळावं

बातम्यांत आणि ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये काहीही भराभर वाढलं की ते लगेच 'एक्स्पोनेन्शियल' होतं. गणितात मात्र या विशेषणाचा संबंध वेगाशी कमी, पटीशी जास्त. सारख्या काळात राशी दर वेळी सारख्याच पटीने बदलली, तर तो बदल एक्स्पोनेन्शियल. वार्षिक 4 टक्के चक्रवाढीने ठेवलेली रक्कम दुप्पट व्हायला जवळपास 18 वर्षं लागतात. इतकी संथ असली तरी ही वाढ एक्स्पोनेन्शियलच. पट 1 पेक्षा कमी असेल तर घट होते: किरणोत्सारी आयोडीन-131 साधारण दर 8 दिवसांनी निम्मं उरतं.

शब्दाचं मूळ लॅटिन 'एक्स्पोनेरे', म्हणजे बाहेर मांडणे. जर्मन गणिती मिखाएल श्टीफेल यांनी 1544 च्या 'अरिथमेटिका इंटेग्रा'मध्ये 1, 2, 4, 8 या आकड्यांच्या डोक्यावर 0, 1, 2, 3 लिहून वरच्या आकड्यांना 'एक्स्पोनेन्स' म्हटलं. आपल्या शाळेतला घातांक तो हाच. म्हणून बदलणारी राशी घातांकातच बसलेली हवी. 'क्ष'चा वर्ग एक्स्पोनेन्शियल नाही, 2 चा 'क्ष'वा घात आहे. क्ष = 20 घेतलं तर पहिला 400 वर थांबतो, दुसरा 10,48,576 वर जातो.

हातातले आकडे तपासायचे तर ते आधी सारख्या अंतराने घ्या: सगळे महिन्याचे किंवा सगळे वर्षाचे. मग प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागा. 500, 600, 720, 864 मध्ये भागाकार दर वेळी 1.2 येतो, म्हणजे शब्द चालेल. 500, 600, 700, 800 मध्ये तो 1.2, 1.17, 1.14 असा उतरत जातो. ही सरळ रेषीय वाढ. एक्सेलमध्ये आलेखाचा उभा अक्ष लॉगरिदमिक (सारखं अंतर म्हणजे सारखी पट) करा, खरी एक्स्पोनेन्शियल वाढ सरळ रेषेत दिसेल. दोनच आकड्यांवरून काही ठरत नाही, कारण दोन बिंदूंतून कुठलाही वक्र काढता येतो.

एक फसवी जागा आहे. 30 अंशांच्या खोलीत चहा 90 वरून 60, मग तितक्याच वेळात 45 अंशांवर आला, तर भागाकार जुळत नाहीत. आधी खोलीचे 30 वजा करा: 60, 30, 15. आता दर वेळी निम्मे होतात.

इंग्रजी लिहिताना 'ग्रोज एक्स्पोनेन्शियली' किंवा 'एक्स्पोनेन्शियल डिके' ठीक. 'हा फोन त्या फोनपेक्षा एक्स्पोनेन्शियली चांगला' यात क्रमच नाही, दोनच वस्तू आहेत. तिथे 'मच बेटर' पुरे. 'फार झपाट्याने' हा सैल अर्थ शब्दकोशांनीही नोंदवला आहे, त्यामुळे गप्पांत कुणाला टोकू नका. अहवालात मात्र वाढीचा दर आणि कालावधी सोबत लिहा: 'दरमहा 20 टक्के, सलग 4 महिने'. एवढं लिहिलं की बऱ्याचदा विशेषणाची गरजच उरत नाही.