मांजर कोणत्या पिशवीतलं?

रशियातल्या कझानला मेडिकलसाठी गेले तेव्हा वर्गातलं शिकवणं इंग्रजीतून होतं, पण पुढे वॉर्डात पेशंटशी रशियनमध्येच बोलावं लागणार हे ठाऊक होतं. म्हणून हॉस्टेलमधल्या एका रशियन मुलीशी ठरवलं: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिने मला रशियन शिकवायचं, मी तिला इंग्रजी. रशियाला जाणाऱ्या प्रत्येकाने अशी जोडी जमवावीच. तिला शिकायचे होते ते इंग्रजी इडियम्स, म्हणजे वाक्प्रचार.

सुरुवातीला मी वीस इडियम्सची यादी अर्थांसकट दिली. आठवड्याने त्यातला एकही तिच्या बोलण्यात आला नाही. मग उलटीकडून सुरुवात केली. आधी प्रसंग सांगायचा, अशा वेळी तुमच्यात काय म्हणतात ते विचारायचं, आणि त्यानंतरच इंग्रजी शब्द द्यायचे. मैत्रिणीची परीक्षा आहे, काय म्हणशील? "नी पूखा, नी पेरा." म्हणजे ना लव मिळो, ना पीस. शिकाऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम उलटं बोलायची ही रीत. नाटकवाल्यांचं 'ब्रेक अ लेग' (शब्दशः 'पाय मोडो', पण खरं तर शुभेच्छा) मग वेगळं समजावावं लागलंच नाही. (तुम्हाला कोणी असं म्हटलं तर आभार मानू नका, तो अपशकुन समजतात. "क चोर्तू", म्हणजे 'सैतानाकडे जा', हेच उत्तर द्यायचं.)

अगदी वेगळी चित्रं लवकर लक्षात राहतात. 'व्हेन पिग्ज फ्लाय'ला (डुकरं उडतील तेव्हा, म्हणजे कधीच नाही) रशियनमध्ये नदीतला झिंगा डोंगरावर जाऊन शिट्टी वाजवतो. हे एकदा ऐकलं की विसरणं कठीण. फसवतात ती जवळजवळ सारखी असलेली, आणि माझ्या मते निम्मा वेळ त्यांनाच द्यावा. इंग्रजीत संकोचाचा बर्फ फोडतात, रशियनमध्ये वितळवतात, म्हणून ती हमखास 'मेल्ट द आइस' म्हणायची. आपण इंग्रजांसारखे एका दगडात दोन पक्षी मारतो, ते दोन ससे मारतात.

सगळ्यात जास्त घोळ मांजराने घातला. न बघता वस्तू घेणं म्हणजे रशियनमध्ये 'पोत्यातलं मांजर विकत घेणं'. इंग्रजीत तिथे डुक्कर आहे, 'पिग इन अ पोक' (पोक म्हणजे पिशवी). पण इंग्रजीत पिशवीतलं मांजरही आहेच, आणि 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे गुपित फोडणं! तिने ते फसलेल्या खरेदीबद्दल वापरलं, आणि वाक्य व्याकरणात चोख असल्यामुळे चूक माझ्याही उशिरा लक्षात आली.

'अ', 'द' ही वेगळी अडचण. रशियनमध्ये आर्टिकल नाही, मराठीतही नाही, म्हणून तिची दमछाक मला आतून कळायची. इडियम आर्टिकलसकट एकच शब्द समजून मोठ्याने म्हणायचा. 'अगदी सोपं' या अर्थाचा इडियम 'पीसऑफकेक' नाही, 'अपीसऑफकेक'.

मुसळधार पावसाचा 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' ओळखता आला तरी पुरे. आता तो जुनाट वाटतो, बोलताना 'इट्स पोअरिंग' म्हणावं. रशियनमध्ये पाऊस बादलीने ओततो, त्यामुळे हे तिला लगेच पटलं.

वहीत दोन रकाने होते, इंग्रजी आणि रशियन. 'कोल्स टू न्यूकॅसल'समोर (कोळशाच्याच गावी कोळसा नेणं, म्हणजे व्यर्थ खटाटोप) तिने लिहिलं, 'तुला शहरात स्वतःचा समोवार (चहासाठी पाणी उकळायचं भांडं) घेऊन जाणं'. 'तुला' हे रशियातलं समोवारांचंच गाव. 'वन्स इन अ ब्लू मून'समोर (म्हणजे क्वचितच) आलं, 'वर्षातून एकदा, वचनाप्रमाणे'. तिथे थांबून तिने विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? मी तिसरा रकाना आखला आणि लिहिलं: सटीसामाशी.